भावोजी मागे आहेत

घाट माणसाच्या आत्म्याची परीक्षा घेतो. निदान समालोचक तरी असं म्हणतात, आणि ते खुर्चीत बसून म्हणतात. सायकलवरच्या माणसाचा अनुभव असा, की घाट मांड्यांची परीक्षा घेतो आणि आत्मा मागच्या गाडीत सुट्या चाकांशेजारी पेंगत असतो.

संघात त्याला सगळे आडोसा म्हणत. काम तेच होतं. पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा आणि त्याच्या चाकाला चाक लावून भावोजींनी दम राखायचा. शेवटी भावोजींनी निसटून शर्यत जिंकायची, आणि ती कशी जिंकली हे याने घरी जाऊन बहिणीच्या तोंडून ऐकायचं. गेल्या साली याच शर्यतीत, याच घाटाच्या उतारावर, भावोजी एका वळणावरून कठड्यापलीकडे गेले ते गेलेच.

आडोशाची ही शेवटची शर्यत. सकाळी बहीण म्हणाली, "आता हे नाहीत. एकदा तरी स्वतःसाठी पहिला ये रे." आणि खरंच, माथा ओलांडला तेव्हा तो एकटाच पुढे होता.

एकटा म्हणजे, मागे टिकटिक होती. पाय थांबवून सायकल नुसती सोडली की मागचं चाक करतं तशी. त्याने वळून पाहिलं नाही. ती टिकटिक त्याने झोपेतही ओळखली असती.

कानातल्या यंत्रात व्यवस्थापक खेकसला, "उजव्या कडेला का चिकटलायस?"

"वारा उजवीकडून आहे."

"मग?"

"मग त्यांना आडोशाला डावीकडे जागा नको?"



त्याने कोपर हलवलं. सायकलवाल्यांत याचा अर्थ, आता तू पुढे हो. इतक्या वर्षांत भावोजींना त्याने असं कधी खुणावलं नव्हतं. घरच्या जावयाला कोण कोपर दाखवतं? पुढे कुणी आलं नाही. मानेवर फक्त गार श्वास लागला.

ते वळण आलं. सायकल मोकळी सोडली असती तर शर्यत खिशात होती. त्याने ब्रेक दाबले, "सांभाळून, भावोजी," म्हणाला आणि हँडलला भाजीची पिशवी अडकवल्यासारखा वळला. कठड्यापाशी टिकटिक थांबली. त्याने ब्रेक सोडले नाहीत. मग ती पुन्हा सुरू झाली.

"मागचे तिघे गाठतायत तुला," व्यवस्थापक रडकुंडीला आला होता. "कुणासाठी थांबलास, बाबा?"

आडोशाने मान खाली घातली. मागे कुणी असलं की पाय आपोआप चालतात, एवढी एकच विद्या त्याला येत होती. गावातल्या शेवटच्या उभ्या चढावर त्या तिघांचे श्वासही ऐकू आले; ते गरम होते. दोन सायकली पुढे राहून त्याने शर्यतीची शेवटची रेघ गाठली आणि पाय तिथेच संपले. तिघे दोन्ही बाजूंनी निघून गेले.

पहिला. लोक ओरडत होते, बहीण तोंडावर ओढणी धरून रडत होती. आडोसा पाय टेकून उभा राहिला.

मानेमागे कुणीतरी संकोचून घसा साफ केला.

"जरा पुढे सरकतोस? माझं चाक अजून रेघेच्या अलीकडेच आहे."