मामंजींचं वाढीव आयुष्य

माझे सासरे नानासो अठ्ठ्याहत्तरीला आले तेव्हा त्यांना आणखी जगायचं होतं. कुणाला नसतं? पण मामंजींनी त्यासाठी थेट परदेशातून माहितीपत्रकं मागवली. लढाई संपून चार वर्षं झाली होती, बोटी पुन्हा सुरू झाल्या होत्या, आणि माधवनगरच्या गिरणीतल्या कुणा भागीदाराने त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, की तिकडे म्हाताऱ्यांना तरुण करणारे दवाखाने आहेत.

ती पत्रकं वाचून दाखवायचं काम आमच्या ह्यांच्याकडे. ह्यांचं वय छप्पन्न. तोंडात दात मोजके, जिना चढताना छातीला हात. तरी घरात अजून 'धाकटे'च. उसाच्या लागणीपासून आमच्या पोटच्या पोराच्या, सयाजीच्या लग्नापर्यंत सगळं मामंजी ठरवत. सांगलीच्या पेठेत गुळाचा सौदा व्हायचा तेव्हा हे त्यांच्यामागे छत्री धरून उभे. एखाद्या हंगामात आपल्या तोंडून 'दिला' म्हणायचं आणि गूळ विकायचा, एवढीच ह्यांची हौस. मामंजी म्हणायचे, माझ्यामागं तुझंच हाय की. आणि आता तर जायचाच त्यांचा विचार नव्हता.

दवाखाने तीन होते. इटलीतल्या दवाखान्यात माकडाच्या ग्रंथी बसवत. मारुतीरायाच्या जातीला कापायचं म्हणताच मामंजींनी कानाला हात लावले. दुसरीकडे उपाशी ठेवून आयुष्य वाढवत. तिसरा स्वित्झर्लंडात, तळ्याकाठी. तिथे कोकराच्या पेशींची सुई, संगमरवरी न्हाणीघर आणि प्रत्येकाला वेगळी नर्स.

मी ह्यांना म्हटलं, उपाशी ठेवणाराच चांगला म्हणून सांगा. हे हसले.

"आगं, चुकीचं सांगितलं तर आबा मला काय म्हनतील?"

छप्पन्नाव्या वर्षी बापाला भिऊन हे बोलणं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्यांनी तळ्याकाठचाच निवडून दिला, पासपोर्टासाठी मुंबईला खेटे घातले, आणि बोटीची तारीख ठरल्यावर एका सकाळी अंगणात बसल्या बसल्या गेले.

मामंजी रडले. खोटं कशाला बोलू? पण तारीख बदलली नाही. दहाव्याच्याच दिवशी त्यांना मुंबईला निघायचं होतं.

कृष्णाकाठी सयाजीने पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, खाली एकही येईना. जमलेले लोक मामंजींकडे बघू लागले. मामंजी म्हणाले, सुनेला अंतर देणार नाही. मग म्हणाले, मारुतीच्या देवळाला कळस चढवीन. कावळे हलेनात. ह्यांचा जीव कशात अडकलाय ते घाटावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शेवटी पदर सावरून मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्यासमोर तोंड उघडलं.

"मामंजी, औंदाचा गूळ सयाजी विकंल, एवढं म्हना. कोठीच्या किल्ल्या त्येच्याकडं द्या."

त्यांचा हात कमरेच्या जुडग्याकडे गेला. मला वाटलं, काढताहेत. त्यांनी तो आणखी आत खोवला आणि भटजींकडे वळले.

"दर्भाचा कावळा करा. मला उशीर हुतोय."

भटजींनी दर्भाचा कावळा पिंडाला शिववला. मी येईपर्यंत गुळाला हात लावू नको, असं सयाजीला बजावून मामंजी मोटारीत बसले.

मोटार पुलापलीकडे गेली आणि बाभळीवरून एक कावळा उतरला. मग दुसरा. बघता बघता पिंड फस्त झाला. लोक हात जोडून म्हणाले, आत्मा शांत झाला. सयाजी ओक्साबोक्शी रडला.

मी नाही रडले. मला राग आला, ह्यांचाच राग आला. बाप पुलापलीकडे गेला, तेवढ्यावर ह्यांचं समाधान झालं. जिवंतपणी मागणं थोडं, आणि मेल्यावर त्याहून थोडं.

त्या सालचा गूळ पावसाळ्यात कुलपाआड पाघळून गेला. दिवाळीच्या आधी मामंजी आले. गालांवर लाली होती, जिना दणादण चढले. पुढच्या सौद्याला मी मुद्दाम सांगलीला गेले. मामंजी 'दिला' म्हणाले. त्यांच्यामागे माझा सयाजी छत्री धरून उभा होता.