सहा मुलांची प्रश्नपत्रिका

"सहाच तर मुलं आहेत," साहेब म्हणाले, आणि आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेब म्हणजे ब्रेल छापखान्याचे प्रमुख. आत्या म्हणजे तिथली प्रोग्रामर. छापखान्याचं यंत्र ज्या प्रोग्रामवर चालायचं तो तिनंच वीस वर्षांपूर्वी लिहिला होता, आणि अजून तो बिचारा कुरकुर न करता चालत होता. तिची भाची शेजारच्या अंध शाळेत शिकायची, शाळा सुटली की "आत्या, आत्या" करत जिना चढायची, म्हणून सगळा छापखाना तिला आत्याच म्हणायला लागला. साहेबसुद्धा. ते तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे होते, पण ते जाऊ दे.

झालं होतं असं. परीक्षा विभागानं दोन वर्षांपूर्वी गणिताच्या ब्रेल खुणा बदलल्या. अपूर्णांक, घात, वर्गमूळ, सगळ्यांच्या खुणा नव्या. मुलं दोन वर्षं नव्या खुणा शिकली, पुस्तकंही नव्या खुणांची आली. राहिली फक्त प्रश्नपत्रिका. ती गुप्त असते, म्हणून ती याच छापखान्यात, कुलूपबंद खोलीत, जुन्या यंत्रावर छापायची. आणि ते यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामला जुन्याच खुणा येत होत्या. मग दोन वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही का? आलं होतं की! आत्यानं तीन पत्रं लिहिली होती. तिन्हींना वाटाण्याच्या अक्षता.

"सहा मुलं आणि एकच पेपर," साहेब समजूत घातल्यासारखं म्हणाले. "लेखनिक देऊ. तो प्रश्न वाचून दाखवेल, उत्तर लिहून घेईल. विभाग तयार आहे."

"आणि डोळस मुलांनाही वाचून दाखवणार का? सगळ्यांनाच?"

"आत्या, आता उगाच वाद घालू नका."

"उगाच?" आत्या म्हणाली. "दोन वर्षं त्यांच्याकडून नव्या खुणा घोटून घ्यायच्या, आणि परीक्षेच्या दिवशी हात मांडीवर ठेवून बसा म्हणायचं! माझं उगाच, आणि तुमचं काय?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. बोलायचं नसलं की ते चष्मा पुसायचे. शेवटी म्हणाले, "आज सोमवार. गुरुवारी दुपारी चारपर्यंत नव्या खुणांचं चाचणीचं पान माझ्या टेबलावर आणा. नाहीतर लेखनिकाच्या कागदावर मी सही करतो."

घरी आल्यावर आत्यानं हे भाचीला सांगितलं. भाचीला सगळे बारकी म्हणायचे, जरी ती आता घरात सगळ्यांत उंच होती. तिचा बाप, म्हणजे आत्याचा भाऊ, कामासाठी दूर असायचा, म्हणून ती आत्याकडेच वाढली होती. बारकी त्या सहा मुलांपैकी एक. आणि गणित म्हणजे तिचा जीव की प्राण. पुढेही गणितच शिकायचं, असं तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि त्यासाठी या एका पेपरात उत्तम गुण हवे होते.

बारकी रडली नाही. रडली असती तर आत्याला बरं वाटलं असतं.

"आत्या, सरावाच्या परीक्षेला लेखनिकच होता," ती म्हणाली. "त्यानं वाचलं, क्ष अधिक दोन भागिले तीन. मी विचारलं, तीन कशाखाली आहे, सगळ्याखाली की नुसत्या दोनाखाली? तो म्हणाला, जसं लिहिलंय तसं वाचलं, मला जास्त बोलायची परवानगी नाही. मी अंदाजानं सोडवलं. चुकलं. बोटांखाली असतं तर एका क्षणात कळलं असतं."

आत्यानं ताट तिच्यापुढे सरकवलं आणि स्वतः जेवली नाही.

मंगळवारी सकाळी ती कुलूपबंद खोलीत पदर खोचून बसली. कुठल्यातरी भल्या माणसांनी नव्या खुणांची एक लायब्ररी लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवली होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यानं आधीच करून ठेवलेलं काम. आपल्या प्रोग्राममधून तिला हाक मारायची, मजकूर हातात द्यायचा, ती ठिपके परत देते. इतकं सोपं. पण ही लायब्ररी नव्या कॉम्प्युटरसाठी लिहिलेली, आणि या खोलीतला कॉम्प्युटर जुना. गुप्ततेचा नियम असा, की पेपर फक्त त्याच कॉम्प्युटरवर उघडायचा आणि पेपर आला की बाहेरचं काही म्हणजे काही त्याला जोडायचं नाही. म्हणजे लायब्ररी आधीच त्या जुन्या डब्यात नीट नांदायला हवी होती.

तिनं लायब्ररी उघडली. पहिल्याच पानावर लिहिणाऱ्यांची टीप होती: जुन्या यंत्रांचा विचार आम्ही सोडून दिला आहे, कृपया नवीन घ्यावे. आणि खाली दोन ओळी: यंत्र जुनं असेल तर काम बंद करा.

"घ्यावे म्हणे!" आत्या रिकाम्या खोलीत ओरडली. "तुझा बाप देणार आहे का?" आणि त्या दोन ओळी तिनं उडवल्या.

पुढचं काम खरं होतं. नव्या पद्धतीत जे एका शब्दात होतं त्याला जुन्या पद्धतीत दहा ओळी लागत होत्या. मोठं कपाट जुन्या घराच्या लहान दारातून न्यायचं असेल तर काय करतो आपण? स्क्रू काढतो, एकेक फळी आत नेतो, आत जाऊन पुन्हा जोडतो. आत्या तेच करत होती. जी फळी दारातून जाईचना ती स्वतः नव्यानं कापत होती. मंगळवार त्यात गेला. बुधवारची दुपार गेली. दर तासाला तिला लायब्ररीत एखादी नवी नवलाई सापडायची आणि दर तासाला ती लिहिणाऱ्यांचा उद्धार करायची. हुशार पोरं, फुकट दिलं, उपकार झाले. पण दार कशाला बंद केलं रे? आत बघितलं तर बंद करण्यासारखं काही नव्हतंच. नुसता त्यांचा कंटाळा.

बुधवारी पाचला पहिलं चाचणीचं पान यंत्रातून बाहेर आलं. गेल्या वर्षीच्या पेपरातलंच एक गणित तिनं दिलं होतं. तिनं पान उचललं आणि भिंतीवरच्या नव्या खुणांच्या तक्त्याशी ठिपके ताडून पाहिले.

सगळं उलटं होतं. डावीकडचे ठिपके उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे. ओळसुद्धा उजव्या टोकापासून सुरू झाली होती.

"तरीच!" ती म्हणाली. "तरीच मेल्यांनी दार बंद ठेवलं होतं. आत हा घोळ!"

लायब्ररीवर ती दोन दिवस इतकी चिडलेली होती की तिच्याबद्दल काहीही वाईट ऐकायला तयार होती, आणि आता तर पुरावाच हातात आला होता. तिनं ठिपके उलटवणारा एक तुकडा लिहिला, मग ओळ उलटवणारा दुसरा. प्रोग्रामर लोक पुढच्या माणसासाठी कोडमध्येच टीप लिहून ठेवतात, तशी तिनं लिहिली: लायब्ररी ठिपके उलटे देते, म्हणून इथे सुलटे केले. पुन्हा छापलं. तक्त्याशी ताडलं. चोख! खालच्याच मजल्यावर मास्तर बसले होते, त्यांना वर बोलवावं एवढंही तिला सुचलं नाही.

मास्तर म्हणजे छापखान्याचे मुद्रितशोधक. जन्मापासून अंध, आणि बोटं अशी की कागदावरचा अर्धा दबलेला ठिपकाही त्यांच्या हातून सुटायचा नाही.

गुरुवारी अडीचला आत्या पान घेऊन ऐटीत खाली उतरली. बारकी शाळेतून येऊन मास्तरांच्या शेजारी बसली होती.

"मास्तर, हे घ्या. विभागाच्या नाकावर टिच्चून."

मास्तरांनी पान उताणं घातलं, बोटं ठेवली, थांबले. पुन्हा सुरुवातीपासून बोटं फिरवली.

"आत्याबाई," ते म्हणाले, "ही कुठल्या ग्रहावरची भाषा?"

"काहीतरीच काय! मी तक्त्याशी ताडून पाहिलंय. एकेक ठिपका."

"पाहिलंत?" मास्तरांनी विचारलं. "कुठल्या बाजूनं पाहिलंत?"

आत्यानं पान उलटून धरलं.

वीस वर्षं तिनं ठिपके फक्त पडद्यावर पाहिले होते. छपाई खालची माणसं करायची, तपासायचे मास्तर. यंत्राची सुई वरून खाली टोचते, ठिपका खालच्या बाजूला उठतो. पान यंत्रातून बाहेर येतं ते पालथं, खड्डे वर आणि ठिपके खाली. तिनं खड्डे वाचले होते, आणि त्या बाजूनं सगळं उलटंच दिसतं. लायब्ररीनं पहिल्याच फटक्यात बरोबर दिलं होतं, आणि आत्यानं आपल्या हातानं ते बिघडवलं होतं.

बारकीनं मास्तरांच्या हातातून पान घेतलं, उलटीकडून सुलटीकडून चाचपलं, आणि हळूच म्हणाली, "आत्या, काल संध्याकाळी मी घरीच होते गं. तू पण मला विचारलं नाहीस."

असं तोंडात मारल्यासारखं आत्याला साहेबांच्या बोलण्यानंही कधी वाटलं नव्हतं. तीन दिवस ती जगाला बोल लावत होती, की आंधळ्या मुलांचं सगळं डोळसच ठरवतात, त्यांना कुणी विचारत नाही. आणि स्वतः? स्वतः पान हातात धरून भिंतीवरचा तक्ता बघत बसली होती. तिचा चेहरा लाल झाला. राग तोच होता, फक्त आता त्याला बाहेर जायला जागा नव्हती.

"चुकलं गं माझं," ती म्हणाली. "चल वर. मास्तर, तुम्हीही चला. आता तुम्ही दोघांनी हो म्हटल्याशिवाय मी एक ठिपका पुढे जाणार नाही."

दोन्ही तुकडे उडवायला दहा मिनिटं लागली. यंत्र खडखडलं, पान आलं, आत्यानं ते न पाहता मास्तरांच्या हातात दिलं. मास्तर म्हणाले, एका ठिकाणी वर्गमूळ कुठे संपतं ती खूण गायब आहे. ती चूक मात्र आत्याच्या स्वतःच्या हातानं कापलेल्या फळीत होती. दुरुस्त केली. पुन्हा पान. मास्तरांनी ओळ दोनदा वाचली, मान हलवली, आणि पान बारकीकडे दिलं.

चारला सात मिनिटं कमी असताना तिघं साहेबांच्या खोलीत शिरली. लेखनिकाचा कागद टेबलावर तयार होता, पेनसुद्धा उघडून ठेवलेलं.

साहेबांनी पान घेतलं, खिडकीकडे धरलं, डोळे बारीक केले. "यात बरोबर काय नि चूक काय, मला तर काही कळत नाही. विभागाला मी काय सांगू?"

"तुम्हाला कळायचं नाहीच आहे, साहेब," आत्या म्हणाली. "ते तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठीही नाही. द्या तिला."

बारकीनं पान टेबलावर ठेवलं आणि बोटं फिरवली. "क्ष अधिक दोन, हे सगळं वर. खाली तीन. बरोबर वर्गमूळ पंचवीस." एका दमात म्हणाली, "म्हणजे पाच. क्ष तेरा."

साहेबांनी कागदाच्या कोपऱ्यात आकडे मांडून पाहिले. मग चष्मा काढला, पण पुसला नाही. लेखनिकाचा कागद त्यांनी उचलला, मधोमध फाडला, आणि चाचणीच्या पानाच्या पावतीवर सही केली. खाली तपासणाऱ्याच्या सहीची जागा होती, तिथेही ते सवयीनं पेन नेत होते.

"तिथे नाही," आत्या म्हणाली. "तिथे मास्तर."

"पण आजवर तर..."

"आजवर चुकलं."

मास्तरांनी कागदाची कड चाचपली, आत्यानं त्यांचं बोट रेघेवर टेकवलं, आणि त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरात सही केली.

मग आत्या वर गेली. कुलूपबंद खोलीतला जुना कॉम्प्युटर अजून चालूच होता. लायब्ररीबद्दलची तिची टीप तिथे तशीच राहिली होती. ती तिनं पुसली, आणि त्या जागी पुढच्या माणसासाठी दुसरी लिहिली: छापलेलं पान डोळ्यांनी तपासू नये. मास्तरांना विचारावं. मास्तर नसतील तर बारकीला. मी तपासलं होतं, चुकलं होतं.