पमीसाठी आणलेलं सेकंड वाद्य

मी बोलतोय खरा, पण कोण बोलतंय हे विचारू नका. त्यावरून आजवर इतका घोळ झालाय की मलाच धड सांगता येत नाही. दिसायला मी सनई. शिसवीचं अंग, तळाला पितळेची वाटी, तोंडाला फुंकायची पत्ती. पण सनईच्या अंगावर बोटांसाठी भोकं असतात, माझ्या अंगावर एकही नाही. फुंकलं की एकच सूर निघतो आणि फुंकर थांबेपर्यंत तोच राहतो. म्हणून मला 'सूर'च म्हणतात. ज्याचं नावच सूर, त्याला कुणी 'सुरात आहेस का' असं कसं विचारणार? असो.

धुळ्याच्या सत्तारभाई खराद्यानं मला घडवलं. एरवी तो पलंगाचे पाय आणि लाटणी करायचा. एकाच लाकडातून त्यानं आम्हा दोघांना काढलं. माझ्या भावंडाला त्यानं एकामागून एक भोकं पाडली. मी माझ्या पाळीची वाट बघत राहिलो. मला मात्र त्यानं तेल लावलं, पुसलं, फळीवर ठेवलं आणि तो जेवायला गेला. मला वाटलं, जेवून आल्यावर पाडेल. अजूनही कधीकधी तसंच वाटतं.

आमची जोडी पारोळ्याच्या जीवराम आणि वना या दोघा भावांकडे गेली. जीवराम सनई वाजवायचा, वना मागे बसून गाल फुगवून मला धरायचा. माणसांची एक गंमत आहे, जिथं बोटं हलतात तिकडेच ती बघतात. एका लग्नात वरबाप म्हणाला, "हा मागचा तर काहीच वाजवत नाही. याला पंगतीला कशाला बसवता?" वना नुसता हसला. मला भयंकर राग आला होता, पण रागवायलाही माझ्याकडे एकच सूर.

पुढे लग्नांत बँड आले. भाऊ थकले. सनई कुणा पुतण्यानं नेली, मला न्यायला कुणी तयार होईना. वनानं मला जळगावला मेहरूणमध्ये कादरभाईच्या दुकानात नेऊन दिलं. कादरभाई बँडची वाद्यं दुरुस्त करायचा. मी खिळ्याला टांगला गेलो. गिऱ्हाईक विचारायचं, "हे काय?" कादरभाई म्हणायचा, "सूर है." "कसला सूर?" "अरे, सूर का सूर!" एवढ्यावर कोण विकत घेणार?

सत्त्याऐंशीच्या सुमाराला मोतीलाल दुकानात आला. पारोळ्याच्या जिनिंगमध्ये मिस्त्री असलेला हा माणूस मशीनचे पट्टे घ्यायला जळगावला आला होता. त्याच्या डोक्यात जो गोंधळ होता, तो मला मागाहून कळला.

त्याची अकरा वर्षांची पमी बासरी वाजवायची. शाळेतले वाणी सर तिला शिकवायचे. सरांची बदली झाली पिंपळनेरला. एसटीत चढताना ते मोतीलालला म्हणाले, "पोरगी गुणी आहे. तिला आता सेकंड इन्स्ट्रुमेंट द्या. फुंकीचंच द्या, दमसास चांगला आहे." कुठलं, ते विचारेपर्यंत गाडी हलली. सर गेले आणि पमीनं बासरी फडक्यात गुंडाळून ठेवली. ती हसेना, बोलेना. मोतीलालला वाटलं, पोरीला बासरीचा कंटाळा आला. दुसरं वाद्य लवकर मिळालं नाही तर हिचं वाजवणं कायमचं सुटेल, ही धास्ती त्यानं घेतली. जिनिंगमध्ये कुणी म्हणे क्लॅरिनेट घ्या, कुणी म्हणे सॅक्सोफोन. त्याची बायको तानुबाई म्हणे, आदिवासी फुंकतात ती पावरी आणा, ती तरी आपल्याकडची. बिचाऱ्याचं डोकं गरगरायला लागलं.

दुकानात तो एवढंच म्हणाला, "फुंकायचं वाद्य पाहिजे. सेकंड."

कादरभाईचा जन्म बँडमध्ये गेलेला. पुढे चाल वाजवतो तो फस्ट, मागे सूर धरून उभा राहतो तो सेकंड, एवढं त्याला पक्कं ठाऊक. "बजानेवाला कौन है?" त्यानं विचारलं.

"पोरगी आहे माझी."

"तो ये ले जाव, भाऊ. इससे अच्छा सेकंड पुऱ्या जळगावात नाही मिळणार."

मोतीलालनं माझ्या अंगावरचे ओरखडे पाहिले. सेकंड म्हणजे वापरलेलं, हाही अर्थ त्याच्या डोक्यात आला असावा. "जुनं दिसतंय. चालेल ना?"

"दौडेगा!"

दोघांतला एकही खोटं बोलला नाही. मग चूक कुणाची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरी पमीनं मला उलटसुलट फिरवलं. "आबा, येले भोकंच नही शेतस."

"अशी कशी? दुसरी बाजूले पाह्य."

दुसऱ्या बाजूलाही नव्हती. तानुबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "फसाडं तुमले त्यानी! लाटणं लई उनात का?"

लाटणं म्हटल्यावर मला वाईट वाटलं, कारण मी जिथं घडलो तिथं लाटणीच जास्त बनायची. पमीनं मला फुंकलं. आधी नुसती हवा, मग कर्कश किंकाळी, मग माझा तो एकुलता एक सूर. तिनं मला खाली ठेवलं आणि ती रडायलाच लागली.

"माले दुसरं वाद्य नकोच व्हतं," ती म्हणाली.

"मंग बासरी काब्र सोडी?" मोतीलालनं कारण विचारलं.

"सोडी नही, आबा. सर व्हतात तव्हय मांगे पेटीवर सूर धरेत. आते मांगे कोनीच नही. एकलीले वाजाडता येस नही. सूर कोठे ऱ्हास तेच समजस नही."

उद्याच परत करतो, असं पुटपुटत मोतीलालनं मला उचललं आणि तो ओट्यावर जाऊन बसला. हे खरंच बिनकामाचं आहे का, हे पाहायला असेल, त्यानं मला तोंडाला लावलं. आधी फुसफुस झाली. मग असा चिरका आवाज निघाला की शेजारच्या कोंबड्या पळाल्या. पण गडी मशीनवरचा, हट्टी. तो फुंकत राहिला. अखेर एक लांब, सरळ सूर निघाला.

घरात बासरीचं फडकं सुटलं. पमीनं ओट्याकडून येणाऱ्या माझ्या आवाजावर बासरी लावून पाहिली. जमेना. दोन मांजरं भांडावीत तसं झालं. तिनं बोटं बदलली, दुसऱ्या भोकापासून सुरुवात केली. तेही नाही. पुन्हा बदलली. आणि एका जागी असं झालं की मी मलाच ऐकू येईनासा झालो, इतके आम्ही एकमेकांत मिसळलो. मला आनंदानं काही सुचेना.

"आबा, थांबू नका!" आतून आवाज आला.

मोतीलालचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दम लागल्याचं की कसलं, देव जाणे. तो श्वास घ्यायला थांबला तशी पमीही थांबली. त्यानं पुन्हा फुंकर घातली, तिनं पुन्हा धरलं.

मी परत गेलोच नाही. पोरीसाठी आणलेलं दुसरं वाद्य बापच शिकला. माझा आवाज मोठा, बासरीचा मऊ, म्हणून बाप ओट्यावर आणि लेक आत, हे ठरूनच गेलं. गल्लीत हसणारे हसले.

आता पमी धुळ्याला कॉलेजात आहे, तिथं संगीत शिकते. मोतीलालचे पुढचे दात हलतात, दम आखूड झालाय. या दिवाळीला घरी येताना पमीनं विजेवर चालणारी सूरपेटी आणली. बटण दाबलं की सूर सुरू, ना थकायचं ना चिरकायचं. मोतीलाल म्हणाला, "झकास शे. आते मनी सुटका." हसला, पण मला पुसून कोनाड्यात ठेवताना त्याचा हात रेंगाळला. मी समजलो, आपलं संपलं.

पमी पेटी लावून वाजवायला बसली. सुरू केलं, अडखळली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळली. शेवटी पेटी बंद करून ती मला घेऊन ओट्यावर आली आणि मला बापाच्या मांडीवर ठेवलं.

"आबा, हाई पेटी दमच लेस नही. मंग मी कोठे थांबू?"

मोतीलालनं मला उचललं आणि माझी पत्ती सदऱ्याला पुसली.

वाचणाऱ्यांनो, मला शहाणपण सांगता येत नाही, माझंच काही ठरलेलं नाही. तरी एक मागणं आहे. लेकरासाठी दुसरं वाद्य घ्यायला निघालात, तर पहिलं का मुकं झालं ते आधी लेकराला विचारा. बघा, मोतीलालनं पत्ती ओठांत धरली. आता मला बोलता येणार नाही.