लिंटलच्या वरचा गिलावा

बाबांबरोबर कुणाच्या घरी जायचं म्हटलं की मी आणि धाकटा भाऊ काहीतरी निमित्त काढून टाळायला बघायचो. पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आत बाबा उठायचे आणि यजमानांच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत खोलीभर फिरायचे. मान तिरकी, डोळे मिटलेले. आई खालच्या आवाजात म्हणायची, "अहो, बसा ना जरा." पण बाबा गिलाव्याचे गवंडी होते, आणि भिंत दिसली की त्यांना तिची तब्येत विचारल्याशिवाय राहवत नसे.

एकदा शाळेत पालकसभेला आले आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत तेच. मी जमिनीत जाईन तर बरं, असं झालं होतं मला. बाबा सरांच्या खुर्चीमागे दोनदा टकटक करून म्हणाले, "सर, खुर्ची तेवढी इकडे सरकवून घ्या." सर हसले. परीक्षेच्या दिवसांत सर वर्गावर असताना गिलाव्याची परातीएवढी खपली खुर्चीच्या पाठीवर आली. त्यानंतर सर मला मार्कांबद्दल कमी आणि बाबा कधी येणार याबद्दल जास्त विचारायचे.

रविवारी ते मला बरोबर घेऊन चालायला निघत आणि वाटेतली घरं दाखवत. "केसाएवढी चीर असली तर घाबरायचं नाही, रंगात जाते. नखाची कड आत गेली तर लक्ष ठेवायचं. चिरा जाळ्यासारख्या पसरल्या आणि मधे पोकळ वाजलं, की मग रंगबिंग काही नाही. उतरवायचा." कोपऱ्याला गाल टेकून, एक डोळा मिटून भिंतीकडे कसं बघायचं तेही त्यांनीच शिकवलं. तसं पाहिलं की सरळ वाटणाऱ्या भिंतीचं पोट सुटलेलं दिसतं. मी आठ-नऊ वर्षांची होते. मला ते सगळं खेळासारखं वाटायचं, आणि ओळखलं की बाबा "शाब्बास, मिस्त्री!" म्हणायचे, ते तर फारच आवडायचं.

आमचं दुमजली घर बाबांनी स्वतः बांधलं. दुसऱ्यांची कामं संपवून, सुट्टीच्या दिवशी, दोन वर्षं. त्याला आता चव्वेचाळीस वर्षं झाली. आई गेल्यावर मी बाबांजवळ राहायला आले. मी दवाखान्यात केसपेपर काढते, संध्याकाळी घरी येते. भाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो, लोकांना गाडी शिकवतो. त्याला अजून सगळे शेंडेफळच म्हणतात, डोक्यावर एक केस उरला नाही तरी.

बाबा ब्याऐंशीचे झाले आणि गेली सहा वर्षं त्यांना ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आणलं, ते टेबलाच्या खणात पडून असतं. "कानात कुणीतरी सतत कागद चुरगाळतंय," म्हणतात. आम्ही समोर उभं राहून, ओठ नीट हलवून बोलतो. ज्या माणसाने आयुष्यभर कानाने भिंती वाचल्या, त्याचे कानच गेले. पण त्याबद्दल ते कधी एक अक्षर बोलले नाहीत.

गेल्या वर्षी वरच्या खोलीत, पावसाच्या झडीच्या बाजूच्या भिंतीला आतून लोणा दिसायला लागला. पांढरी भुकटी. रोज झाडली तरी दुसऱ्या दिवशी हजर. रंगाचे पोपडे सुटले, कपाटातल्या चादरींना कुबट वास यायला लागला. शेंडेफळ आला, भिंतीला हात लावला आणि म्हणाला, "ताई, ओल बाहेरून येतेय. बाजारात पाणी अडवणारा रंग मिळतो. दोन हात मारू, झालं काम."

बाबांनी त्याचे ओठ वाचले असावेत. "माझ्या गिलाव्याला काही होत नाही," ते म्हणाले. काठी घेऊन बाहेर गेले, ती उंचावून तळमजल्याच्या खिडकीच्या वर टकटक केली आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "बघा! ठणठणीत आहे!"

आम्ही दोघांनी ऐकलं होतं. आवाज आला होता भद्द, रिकाम्या खोक्यावर थाप मारावी तसा. शेंडेफळाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग दोघांनीही माना डोलावल्या. त्या रात्रीपासून मला जेवण गोड लागेना. रंग काय, आपण कधीही मारू. पण ज्यांनी आपल्याला पोकळ आवाज ओळखायला शिकवलं, त्यांच्याशीच खोटं बोललो.

दोन आठवड्यांनी एक तुकडा पडला. मी दारात भाजी निवडत होते, बाबा कोपऱ्यावर केस कापायला गेले होते. आवाज झाला आणि जाऊन बघते तर जास्वंदीची कुंडी फुटलेली आणि गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा मातीत रुतलेला. वर भिंतीत विटा उघड्या पडलेल्या. मी घाईघाईने सगळं झाडून पोत्यात भरलं आणि पोतं जिन्याखाली ढकललं. उघड्या विटांचं काय करणार होते, देव जाणे. बाबांची मान आता फारशी वर होत नाही, एवढाच काय तो भरवसा.

बाबा आले, फाटकापाशी थांबले आणि वाकून पायरीजवळून काहीतरी उचललं. सुपारीएवढा खडा होता, माझ्या झाडूतून निसटलेला. त्यांनी तो तळहातावर चुरडला, बोटाने पसरला, उजेडात धरला.

"ही वाळू माझी आहे," ते म्हणाले. "नदीच्या वरच्या अंगाची. आता मिळत नाही." मग माझ्याकडे बघून, "कुठून पडला?"

मी बोट वर केलं. कितीतरी वेळ ते मान ताणून बघत राहिले. चिडले नाहीत. खरं सांगते, चिडले असते तर बरं वाटलं असतं.

"कुणाला तरी बोलव," ते म्हणाले. "रंगवाला नको. गिलावेवाला बघ."

मी दवाखान्यात चौकशी केली, तेव्हा एका नर्सबाईने एका गवंड्याचं नाव सुचवलं, ती निघाली बाई. पंचेचाळिशीची, खांद्याने भरदार, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांत सिमेंट. गावात सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणतात. तिने आल्या आल्या शिडी लावली आणि हातोड्याच्या लाकडी दांड्याने भिंत वाजवायला लागली. वाजवता वाजवता मला हळूच म्हणाली, "ताई, वरचं सगळं सुटलंय. काकांना सांगायचं का?"

बाबा खाली खुर्चीवर बसले होते. आमचे चेहरे त्यांनी पाहिले.

"काय कुजबुजताय?" ते उठले. "तो दांडा इकडे दे."

मिस्त्रीणबाईने दिला. बाबा मला म्हणाले, "तू माझ्या शेजारी उभी राहा. मी वाजवतो, तू सांग. भरीव की पोकळ, एवढंच. आणि मिस्त्री, खोटं सांगायचं नाही."

किती वर्षांनी त्यांनी मला त्या नावाने हाक मारली होती. पण काम सुरू झालं होतं. बाबा वाजवायचे आणि मी समोर होऊन ओठ मोठे करून सांगायचे, "भरीव. भरीव. भरीव." तळमजल्याच्या खिडकीच्या माथ्यापर्यंतचं सगळं भरीव. खणखणीत, चव्वेचाळीस वर्षांचं. मग आम्ही वर सरकलो. मिस्त्रीणबाईने फळ्या टाकून उंच ओटा केला, आम्ही दोघींनी बाबांना दोन्ही बाजूंनी धरून वर घेतलं. खिडकीवर जी सिमेंटची आडवी तुळई असते, लिंटल, तिच्या वर बाबांनी दांडा वाजवला.

"पोकळ," मी म्हणाले.

पुढे.

"पोकळ."

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग दांडा माझ्या हातात दिला आणि आपला तळहात भिंतीवर सपाट ठेवला. "वाजव. माझ्या हाताजवळ."

मी वाजवलं. त्यांनी डोळे मिटले, मान तिरकी केली, अगदी पूर्वीसारखी. हात थोडा सरकवला. "पुन्हा." मी पुन्हा वाजवलं.

"थरथरतंय," ते म्हणाले. "विटेला धरूनच नाहीये."

मग त्यांना माझी गरज उरली नाही. मी वाजवत गेले, ते तळहाताने बघत गेले आणि खिशातल्या खडूने रेघ ओढत गेले. मिस्त्रीणबाई मागे हात बांधून बघत होती. खाली उतरून आम्ही लांबून पाहिलं तेव्हा रेघ वेडीवाकडी नव्हतीच. लिंटलच्या पातळीला सरळ, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर सगळं गेलेलं, खाली सगळं शाबूत.

"असं कसं?" मिस्त्रीणबाई म्हणाली. "एकच भिंत, एकच हात, एकच माल. सुटतं ते डागाडागांनी सुटतं."

तिने ते बाबांकडे तोंड करून म्हटलं होतं. बाबा पायरीवर बसले. मी चहा आणला. पेला दोन्ही हातांत धरून त्यांनी त्या रेघेकडे पाहिलं.

"एकच हात नव्हता," ते म्हणाले. "दोघांचे होते. मी गिलावा करायचो आणि हिची आई पाणी मारायची. आदल्या संध्याकाळी एकदा, सकाळी एकदा. विटा अशा न्हाऊन निघाल्या पाहिजेत, ती म्हणायची, नाहीतर त्या तुमच्या मालातलं पाणी पिऊन टाकतील. मी हसायचो. पोट एवढं पुढे आलेलं, तरी बादली सोडायची नाही. लिंटलपर्यंत आलो आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं."

"शेंडेफळाच्या वेळी," मी म्हणाले.

"दोन आठवडे आधीच आला तो. ती तिथे आठ दिवस होती. मला वाटलं, ती बाळाला घेऊन येईल तेव्हा भिंत पुरी दिसली पाहिजे. उन्हाचे दिवस होते. मी एकटाच. दवाखान्यात डबा पोचवायचा, तुला शाळेत सोडायचं, आणि मधल्या वेळात गिलावा. पाणी मारलं असेल, नसेल. घाई केली." त्यांनी चहाचा घोट घेतला. "ती घरी आली, फाटकापाशी उभी राहून म्हणाली, छान झालीय हो. मी तिला सांगितलं नाही."

मला ते आठ दिवस आठवले. बाबांनी माझी वेणी घातली होती, सुतळीसारखी घट्ट, आणि दिवसभर माझे डोळे ताणलेले. संध्याकाळी मी वाळूच्या ढिगावर बसून अभ्यास करायचे आणि वरून बाबांच्या थापीचा आवाज यायचा. त्या आवाजात घाई होती हे मला कसं कळणार होतं? मला तर वाटायचं, जगात सगळं नीट चाललंय.

मिस्त्रीणबाई म्हणाली, "काका, नियमाने विचाराल तर मी पूर्ण भिंत उतरवते. अर्ध्याहून जास्त सुटलीय. अर्धं जुनं, अर्धं नवं ठेवलं की सांध्यातून पाणी शिरतं. मग लोक मला शिव्या घालतात."

खालचा भाग आईचा होता, तो उतरवायचा? मी काही म्हणणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण सांध्यावर दोन बोटं पुढे येणारी पट्टी ओढ. खालून खाच ठेव, म्हणजे पाणी आत न वळता तिथूनच टपकेल. आणि नवा माल जुन्यापेक्षा कडक करू नकोस. जुन्याला ओढून काढेल तो."

मिस्त्रीणबाईने खालचा भाग पुन्हा एकदा सगळा वाजवून पाहिला. एकही जागा सोडली नाही. मग हसली. "ठेवू या. असला गिलावा मीही उतरवायला घेतला तर छिन्नीच तुटायची."

तीन दिवस वरचा गिलावा उतरत होता. शेंडेफळ सुट्टी काढून आला आणि सगळी हकीकत ऐकून म्हणाला, "म्हणजे शेवटी दोष माझाच!" बाबांनी त्याच्या हातात पाण्याचा पाइप दिला. "मग आता भरपाई कर. वरच्या विटांपासून सुरू कर. खाली ओघळ आले की थांबू नको, विटांनी पाणी प्यायचं थांबवलं की थांब." शेंडेफळ भिजून चिंब झाला, टक्कल चमकत होतं, आणि बाबा खुर्चीवरून काठीने दाखवत होते, "तो कोपरा राहिला! डावीकडे!" मी दवाखान्यातून येऊन फाटकापाशी उभी राहिले तर हा तमाशा. खूप दिवसांनी त्या अंगणात कुणीतरी मोठ्याने ओरडत होतं.

मिस्त्रीणबाईने एक थर दिला, त्यावर खाचा मारल्या, तो सुकू दिला, मग दुसरा. पट्टी बाबांच्या म्हणण्याप्रमाणे ओढली. पुढे दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी आम्ही दोघं भावंडं आळीपाळीने मारत होतो. पावसाळा आला आणि गेला. वरच्या खोलीत भुकटी आली नाही. चादरी मी पुन्हा त्याच कपाटात ठेवल्या.

नव्या आणि जुन्या गिलाव्याचे रंग वेगळे दिसतात. रंग लावायचा की नाही यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. शेंडेफळाला पिवळा हवाय.

मिस्त्रीणबाई मात्र येतच राहिली. एखाद्या जुन्या घराचं काम आलं आणि तिला शंका असली की ती टेंपो घेऊन दारात उभी राहते आणि माझ्याकडे न बघता सरळ बाबांना विचारते, "काका, येता का? भिंत बघायचीय." बाबा धुतलेला शर्ट घालतात, खडू खिशात टाकतात आणि पुढच्या सीटवर जाऊन बसतात. परत येतात ते थकलेले, बाह्यांना धूळ. मग मी वाढते आणि ते जेवता जेवता सांगतात, आज काय काय पाहिलं ते. मिस्त्रीणबाई हुशार आहे, हात चांगला आहे, पण वाळू नीट चाळून घेत नाही, ही त्यांची एक तक्रार आहे. उद्या जाताना ते तिला दाखवायला आपली चाळणी बरोबर नेणार आहेत.