उकळलेली बाटली

पातेल्याच्या कडेवर बाटली टकटकली आणि दुपारची शांतता मोडली. मी धावत जाऊन गॅस बारीक केला. माझी चिमणी तीन वर्षांची झाली तरी तिची दुधाची बाटली सुटत नाही. तिची झोप हाच माझा वेळ.

पूर्वी त्या पातेल्यात दुसरी बाटलीही असायची, नमुन्याची. दर रविवारी आम्ही पाच बायका गल्लीच्या टोकाच्या नळाचं पाणी तपासायचो. औषधाचे थेंब टाकल्यावर ते निळं झालं की पाण्यात साबण. वरच्या अंगाला कपडे धुण्याचा कारखाना आहे. निकाल मोबाइलवरून पालिकेच्या नकाशावर चढवायचा, तो कुणालाही दिसतो. सहा महिने आमचा ठिपका लाल होता. त्याच्या जोरावर नळाला कुलूप लागलं, टँकर सुरू झाला.

'नमुना कसा घेतला?' असा एक रकाना होता. मी ऐटीत लिहायचे : बाटली साबणाने घासून, उकळून. खरं तर नियम होता, त्याच पाण्याने तीनदा विसळा, साबण लावू नका. तो वाचून मी नाकच मुरडलं होतं. न घासलेली बाटली कुठली आई वापरेल?

नकाशा सगळ्यांसाठी उघडा होता. नीट वाचला तो फक्त कारखान्याने. माझा रकाना छापून त्यांनी पालिकेच्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. माझ्याबरोबर चौघींच्या नोंदीही बाद झाल्या.

"बाळाची बाटली होती का गं ती?" जाऊबाई कडाडल्या. "आमच्या खऱ्या आकड्यांनाही साबण फासलास!"

"ताई, परवा कुलपाखाली ठिबकणारं पाणी नुसत्या विसळलेल्या बाटलीत घेतलं. तरी निळंच आलं."

"आता तू गंगाजळ आणलंस तरी कोण मानतंय?"

तो निकालही मी चढवला. माझ्या नोंदीपुढे आपोआप 'संशयास्पद' उमटलं.

आज सकाळी नळाचं कुलूप निघालं. पाणी अजून खराबच आहे, हे शेजारणीला सांगायला गेले, तर ती दारातूनच हसली, "आधी तुझी बाटली धू... नको, धुऊच नकोस बाई!"

चिमणी उठली, डोळे चोळत खिडकीशी गेली. शेजारणीची पोर नळाला तोंड लावून गटागटा पीत होती.

"आई, ती पितेय."

मी तिला उचलून घेतलं. केसांना झोपेचा उबदार वास होता.

"तू तिच्या आईला सांगितलं नाहीस?"