सत्तेचाळीस वेळा पेज

मी 'वस्तीच्या गाडीची पेज' या पुस्तकाची नमुना प्रत. माझ्या पहिल्या पानावर जांभळा शिक्का आहे आणि अंगावर निळ्या शाईच्या सत्तेचाळीस सरळ रेघा आहेत, शिवाय एक तिरकी. त्या रेघा पाहून पुष्कळांनी मला न घेता परत ठेवलं. त्यांना माझी हकिगत ठाऊक नव्हती. तुम्हाला सांगते.

माझा जन्म छापखान्यात झाला असं म्हणायला हवं, पण ते खरं नाही. मी जन्मले ती एसटीच्या गाडीत. माझा लेखक राजाराम हा रत्नागिरी आगाराचा कंडक्टर. शिक्षण दहावी. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याला एका पतसंस्थेची डायरी फुकट मिळाली आणि कोरी कशाला ठेवायची म्हणून तो तिच्यात लिहू लागला. अशा चोवीस डायऱ्या झाल्या. तारीख, गाडी, हवा, कोण चढलं, कोण काय बोललं. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी 'काल लिहिलं नाही, ताप होता' असंही लिहायचा.

वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळी गावात जाऊन तिथेच मुक्काम करणारी आणि सकाळी माणसं घेऊन परतणारी. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत झोपायचे. सकाळी गावातलं एखादं घर त्यांना न चुकता पेज द्यायचं. उकड्या तांदळाची, पातळ, मीठ घातलेली, वर आंब्याच्या लोणच्याची फोड. असा काही नियम नव्हता, कुणी सांगितलेलंही नव्हतं. गाडी आपल्या गावात झोपली म्हणजे तिची माणसं उपाशी जायची नाहीत, एवढंच.

राजारामने त्या घरांबद्दल लिहिलं. चौदा गावं, चौदा प्रकरणं. सगळ्यांत मोठं प्रकरण संगमेश्वराकडच्या एका वाडीतल्या सीताकाकूंचं. त्यांनी त्याला सहा वर्षं पेज दिली होती, नवरा वारला त्या आठवड्यातसुद्धा.

दोन प्रकाशकांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्याने लिहिलं, 'विषय स्थानिक आहे.' ते पत्र वाचून राजाराम त्याची मुलगी तेजल हिला म्हणाला, "स्थानिक म्हणजे काय गं? माणूस कुठेतरी राहणारच ना?" आणि त्याने पुस्तक स्वतःच काढायचं ठरवलं. दोन बोटांनी आठ महिने टाइप केलं. पुण्यातल्या एका मुद्रितशोधकाकडे पाठवलं. तीन वेळा आलेली प्रुफं शब्दाला बोट लावून तपासली. तिसऱ्या प्रुफात एकही चूक नव्हती. हे मी शपथेवर सांगते.

त्यानंतर त्या मुद्रितशोधक गृहस्थांनी, न विचारता, शेवटचा हात फिरवला.

आम्ही तीनशे जणी रत्नागिरीला पोचलो ती मार्चमधल्या एका रविवारी, प्रकाशनाच्या कार्यक्रमाआधी तीन तास. मुखपृष्ठ तेजलने इथेच करून घेतलं होतं, ते झकास होतं. राजारामने मला हातात घेतलं, वास घेतला आणि लगेच रंगीत कागदात गुंडाळलं. प्रकाशनाचं पुस्तक असंच गुंडाळतात. पाहुण्यांनी कागद सोडायचा, पुस्तक छातीशी धरायचं, फोटो काढायचा. आत काय आहे हे त्या दिवशी कुणी पाहत नाही.

पण आमचे पाहुणे निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांना वाचून दाखवायची हौस. पहिल्या रांगेत सीताकाकू बसल्या होत्या, नवी साडी, डोक्यावर पदर. दोन गाड्या बदलून आल्या होत्या. मुख्याध्यापकांनी नेमकं त्यांचंच पान उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "सकाळी सहाला सीताकाकूंनी आम्हा दोघांना ऊन ऊन पृष्ठ वाढली. पृष्ठेत मीठ बेताचं होतं."

 मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळेच सुटले.

राजाराम धावत आला. माझी पानं भराभरा उलटली. जिथे जिथे पेज होती तिथे तिथे पृष्ठ. पेजेचा वाडगा तो पृष्ठेचा वाडगा. आजाऱ्याला पृष्ठ भरवली, पृष्ठेवरची साय, थंड झालेली पृष्ठ. 

सीताकाकूंनी शेजारणीला विचारलं, "ह्यो काय बोलतोय? मी काय दिलं ह्याला?"

"पृष्ठ म्हणतायत, काकू. म्हणजे पुस्तकाचं पान."

काकू उठल्या. हसू थांबलं. त्या राजारामसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पेज बोलायची लाज वाटली तुला? पुस्तकात घालताना बरा शब्द शोधलास. पिताना नाय वाटली ती लाज!"

"काकू, मी नाही लिहिलं हे. ऐका तरी…"

"तुजंच नाव हाय ना वरती?"

 काकू पाचच्या गाडीने निघून गेल्या. चहाही घेतला नाही.

त्याने तिथूनच मुद्रितशोधकांना फोन लावला. पलीकडचा आवाज शांत होता.

"अहो, पेज हा इंग्रजी शब्द. आम्ही मराठी पुस्तकात इंग्रजी ठेवत नाही. संगणकाला सांगितलं, त्याने एका झटक्यात सगळे बदलले."

"साहेब, ती प्यायची पेज आहे."

"ती ऐकली आहे हो. पण सत्तेचाळीस वेळा? एवढी पेज कोण पितं?"

"आम्ही पितो," राजाराम म्हणाला. "रोज."

गृहस्थ वाईट नव्हते. शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून देतो म्हणाले. राजाराम नको म्हणाला. पुस्तकातून पहिली गळते ती चिठ्ठीच, हे चोवीस वर्षं तिकिटं फाडणाऱ्याला कुणी शिकवायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून मला लोकांची सवय कळली. माणूस पुस्तक वाचत नाही, पण पुस्तकातली चूक मात्र मोबाइलवरच्या सात गटांवर पाठवतो. त्या पानाचा फोटो सगळ्या जिल्हाभर फिरला. आगारात ड्रायव्हर सदू, जो राजारामबरोबर वर्षानुवर्षं तीच पेज प्यायला होता, तोही सोडेना.

"काय राजारामभाऊ, आज किती पृष्ठं प्यायलात?"

"तू किती वाचलीस ते सांग आधी."

"मी कशाला वाचू? मी होतो ना तिथे!"

सल्ले तर विचारू नका. एका पुस्तकविक्रेत्याने सांगितलं की ही गंमत म्हणूनच खपवा, हातोहात जाईल. मुख्याध्यापक म्हणाले, पुढच्या आवृत्तीत पेज काढून 'तांदळाची कांजी' करा, म्हणजे घाटावरच्या वाचकालाही कळेल. तेजलच्या मैत्रिणीने सुचवलं, सगळा गठ्ठा रद्दीत द्या आणि झालं ते विसरून जा.

राजारामने सगळ्यांचं ऐकून घेतलं. डायरीत त्या दिवशी एवढंच लिहिलं : 'कांजी कुणी दिली नव्हती. पेज दिली होती. तीच राहील.'

मग त्याने निळं पेन घेतलं आणि पहिल्यांदा मला उघडलं.

'पृष्ठ'वर एक सरळ रेघ आणि वर बारीक अक्षरात 'पेज'. 'पृष्ठेत'वर रेघ, वर 'पेजेत'. सत्तेचाळीस ठिकाणी. तेजल म्हणाली, "बाबा, पांढरी शाई लावा ना वरून. स्वच्छ दिसेल." तो म्हणाला, "स्वच्छ कशाला दिसायला हवं? चूक झाली, ती मोडली. दोन्ही दिसू देत." माझ्यावर तेव्हाच शिक्का बसला, 'नमुना प्रत'. मला समोर ठेवून तो बाकीच्यांवर रेघा मारू लागला. रोज ड्युटीवरून आला की हातपाय धुऊन, चहा घेऊन पाच प्रती. सहावी कधी घेतली नाही. थकल्या हाताने रेघ वाकडी येते म्हणायचा. तीनशे प्रती, साठ दिवस.

जशा तयार होत तशा तो विकायलाही नेई. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीशेजारी एक स्टूल, त्यावर चार प्रती आणि सगळ्यांत वर मी. लोक मला हाताळत. भजी खाऊन हाताळत, मासळीच्या पिशव्या घेऊन हाताळत. एक बाई माझा वास घेऊन म्हणाल्या, "नवीन पुस्तकाला बांगड्याचा वास येतो होय?" पुस्तक घेऊन गेल्या मात्र.

ज्या विक्रेत्याने गंमत म्हणून खपवा सांगितलं होतं, त्याच्याकडे राजाराम पुन्हा गेला. त्याने दोन पानं उलटून मला खाली ठेवलं.

"खोडाखोड केलेलं पुस्तक मी ठेवत नाही. गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"चुकलेलं ठेवणार होतात. दुरुस्त केलेलं नाही?"

"चुकलेलं निदान छापील होतं, राजारामभाऊ."

राजारामने मला पिशवीत घातलं. भांडला नाही. पण जिना उतरताना पिशवी त्याने अशी घट्ट धरली होती की माझा एक कोपरा दुमडला, तो आजही तसाच आहे.

कौतुक नव्हतंच असं नाही. अलोऱ्याच्या वसाहतीतून एका वाचकाचं पत्र आलं, चार पानी. पण राजारामला ज्या माणसाचा शब्द हवा होता ते माणूस गप्प होतं. सीताकाकूंना त्याने सहा वेळा फोन लावला. त्यांच्या शेजारचा सुजय फोन नेऊन द्यायचा आणि तसाच परत आणायचा. "काकी म्हणते, मी घरात नाय." मागून काकूंचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा, "सांग, पृष्ठ वाचतेय म्हणून!"

पुस्तक साऱ्या जगाने नाकारलं असतं तर राजारामने पुन्हा लिहिलं असतं. पण जिची पेज, तिनेच ते आपलं नाही म्हटलं तर त्यात उरलं काय? माझ्यातल्या सगळ्या रेघा त्या एका बाईसाठी होत्या, हे मला तेव्हा कळलं.

मे महिन्याच्या मध्याला तीनशेवी प्रत संपली. पुढच्या सुट्टीला तो मला घेऊन पहिल्या गाडीने वाडीत गेला. सीताकाकू अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आता काय आणलंस?"

"तेच पुस्तक."

"मंग ने परत."

तो पायरीवर बसला. मला उघडून त्यांचं पान काढलं आणि बोट लावून मोठ्याने वाचू लागला. "सकाळी सहाला सीताकाकूंनी आम्हा दोघांना ऊन ऊन पेज वाढली. पेजेत मीठ बेताचं होतं."

काकूंचे हात थांबले. "छापलंय तसं?"

"छापलंय चुकीचंच. मी खोडून लिहिलंय."

त्या जवळ आल्या. वाकून पाहिलं. "ह्यी रेघ कुणी मारली?"

"मी."

"एवढ्यातच?"

"तीनशे पुस्तकांत. प्रत्येकात सत्तेचाळीस."

"हातानं?"

"हातानं."

त्यांनी पदराला हात पुसले आणि मला मांडीवर घेतलं. काकूंना वाचता येत नव्हतं. पण त्या प्रत्येक रेघेशी थांबत होत्या आणि रेघेखालचा शब्द निरखत होत्या. बाजारात पोरगं हरवल्यावर आई तोंडं पाहत जाते तशा. माझ्या पानांवर आमसुलाचे लाल ठसे उमटत गेले. सगळं पुस्तक संपवून त्या पुन्हा सुरुवातीला आल्या आणि एका ठिकाणी बोट टेकलं.

"ह्यो राहिला बग."

ती अनुक्रमणिका होती. डावीकडे प्रकरणांची नावं, उजवीकडे आकडे, आणि आकड्यांच्या डोक्यावर शब्द : पृष्ठ. हा मात्र बरोबर होता. मूळ हस्तलिखितातही तोच होता, राजारामने स्वतः लिहिलेला.

"काकू, हा…" तो म्हणाला.  त्याने काकूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खिशातलं निळं पेन काढून त्यांच्या हातात दिलं. "राहिलाच. मारा तुम्हीच."

त्यांनी पेन मुठीत धरलं, विळा धरतात तसं, आणि रेघ ओढली. ती तिरकी गेली, पहिल्या प्रकरणाच्या नावात घुसली. कागद थोडा फाटला. मला दुखलं नाही. राजारामने वर लिहिलं, 'पेज'.

"वाच आता."

"पहिली वस्ती," तो वाचू लागला, "पेज सात."

"सातच?" काकू म्हणाल्या. "सहा वर्षं बसलास माज्या पायरीवर, नि सातच वाडगे लिवतोस?"

राजारामला आधी कळलंच नाही. मग तो हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, आणि पुढे वाचत गेला. पेज एकोणीस. पेज चौतीस. पेज पन्नास. काकू प्रत्येक आकड्याला मान डोलवत होत्या. एकशे बाराला म्हणाल्या, "हां. आता जमलं."

घरी परतल्यावर राजारामने उरलेल्या सगळ्या प्रतींच्या अनुक्रमणिकेवर रेघ मारली. आता तिथे पेज आहे. विद्वान म्हणतील, हा तर इंग्रजी शब्द झाला. म्हणू देत. एका बाईने स्वतःच्या हाताने ठेवलेला शब्द आहे तो, आणि त्याच्यासाठी मी कुठल्याही कपाटाबाहेर राहायला तयार आहे. पुढची आवृत्ती निघेल तेव्हा ती सुबक असेल, रेघांशिवायची असेल. निघो बापडी. मी मात्र रोज पिशवीत बसून बाहेर पडते, मळकी, दुमडलेली, लाल ठशांची, आणि कुणीही मला उघडलं तर काही लपवत नाही.

एकच मागणं आहे. त्या दिवसाआधी विकल्या गेलेल्या माझ्या एकशे चाळीस बहिणी गावोगावी आहेत. त्यांच्यापर्यंत आम्ही पोचू शकत नाही. त्यांतली एखादी तुमच्या घरात असेल तर अनुक्रमणिका उघडा आणि पेन घ्या. रेघ वाकडी आली तरी चालेल.