अंगणातला नळ

मोतीलाल आणि हेमराज या दोघा भावांत नऊ वर्षे अबोला होता, पण थंडीच्या दिवसांत त्यांचा बंब मात्र एकच होता. पवनीच्या त्या घराच्या वाटण्या झाल्या, मधे अंगण उरले आणि अंगणाच्या कडेची न्हाणी थोरल्या मोतीलालच्या वाट्याला गेली. तरी पहाटे उठून ढलप्या पेटवण्याचे काम एकट्या राहणाऱ्या हेमराजने सोडले नाही. पहिली आंघोळ थोरल्याची. जितके ऊन पाणी घेतले तितके गार पाणी मोतीलाल बंबात ओतून ठेवी. थोड्या वेळाने हेमराज येई. बोलणे नाही, बघणे नाही. तांब्याच्या त्या पोटात दोघांचे नाते तेवढे कोमट राहिले होते.

अबोल्याचे मूळ एका हातमागात होते. वडिलांचा माग हेमराज चालवायचा, आणि मोतीलालला त्या खोलीत कापडाचे दुकान थाटायचे होते. हेमराज एका लग्नासाठी लाखांदूरला गेला असताना मोतीलालने माग उकलून माळ्यावर टाकला. विचारले असते तर हेमराज नाही म्हणाला नसता, हे त्याला तेव्हाही ठाऊक होते. धाकट्याची माफी मागायची तरी कशी, एवढ्यावर नऊ हिवाळे सरले.

यंदा मोतीलालचा मुलगा अश्विन याने न्हाणीला फरशा लावायचे काढले. पहाटेच्या थंडीत अंगण ओलांडताना सून मंजुषाची अडचण होई, म्हणून न्हाणीला घरातून नवे दार काढायचे आणि अंगणातले बुजवायचे ठरले. बंबाच्या धुराने नव्या फरशा काळवंडल्या असत्या. त्याला आत जागा नव्हती. यात कोणाचेच काही चुकत नव्हते. चूक झाली ती भय्याजींच्या गिझरच्या दुकानात.

भय्याजींनी आधी गॅसचा गिझर दाखवला, आणि न्हाणीची खिडकी वीतभर आहे हे कळल्यावर स्वतःच बाजूला सारला. सोलरला गच्ची हवी, यांचे छप्पर कवेलूचे, उतरते. राहिला विजेचा, टाकीवाला.

"गिझर जावयासारखा असते, मोतीलालजी," ते म्हणाले. "मोठा आनला त बसून खाते, लहान आनला त रुसते. आंघोळीले मानसं किती?"

अश्विनने वडिलांकडे पाहिले. येताना रस्त्यात त्याने सुचवले होते की पंधराऐवजी पंचवीस लिटरचा घेऊ, एक नळ अंगणात काढू, काकांची सोय होईल.  आता 'चार' हा आकडा मोतीलालच्या ओठांपर्यंत आला. पण आपणहून नळ दिला तर ते माफी मागणेच ठरेल, असे त्याला वाटले. हेमराजने एकदा तोंड उघडून मागावे. नळ काय, केव्हाही काढता येतो.

"तीनच," तो म्हणाला.

फरशा बसल्या, अंगणातले दार विटांनी बुजले. हेमराज आपल्या ओसरीवरून ते सारे पाहत होता. मोतीलालने बंब नेऊन त्याच्या भिंतीला टेकवला; पण एकट्यासाठी हेमराजने तो पेटवला नाही. नव्या न्हाणीत वाफ दाटे, आणि विटांपलीकडून अंगावर पडणाऱ्या गार पाण्याचा, मागोमाग खोकल्याचा आवाज येई. आठव्या दिवशी मोतीलालने मिस्त्रीला नळाचे विचारले. आता पाइप भिंतीत गेला, फरशा फोडाव्या लागतील, असे तो म्हणाला.

दुसऱ्या पहाटे मोतीलाल वाफाळती बादली घेऊन अंगणात आला. हेमराज अंग पुसत होता. त्याच्या दंडांवर काटा उभा होता.

"ऊन पानी आनलं तुयासाठी," मोतीलाल म्हणाला.

"राहू दे भाऊ. मले थंड्याची सवय झाली आता."

आवाजात राग असता तर मोतीलालला उभे राहायला काही आधार मिळाला असता. तिथे होता तो केवळ पाहुण्यासाठी राखलेला मऊपणा. फरशा चांगल्या बसल्या का, असेही हेमराजने विचारले. मोतीलालने मान हलवली. बोलायचे वेगळेच होते. थंडी यंदा लई आहे, एवढेच त्याच्या तोंडून निघाले.

टॉवेल दोरीवर टाकून हेमराज आत गेला. दार त्याने लावले नव्हते. मोतीलालने त्या उघड्या दाराकडे पाहिले, बादली उचलली आणि तो आपल्या घरात शिरला.